उपकेंद्रात रुजू होताना

समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू होताना एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासणे हे तुमचे काम असले, तरी निदान पक्के करून औषध सुरू करण्याचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो. त्यानंतर नियमित गोळ्या देणे आणि रुग्ण त्या मध्येच सोडत नाही ना, हे पाहणे तुमच्याकडे येते. माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते, कारण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून औषध थांबवणारे पुष्कळ भेटतात. शंका आल्यास ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा मानू नका. छातीत दुखणाऱ्या रुग्णाबाबत मात्र तेवढाही वेळ न दवडता 108 ला फोन करा.