तयार ‘हलकं’ विंडोज टाकण्याआधी

भाऊ, तुझा लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून इन्स्टॉलर नाही म्हणतो. पण नागपूरच्या सीताबर्डीत कुणी पेनड्राइव्हवर ‘हलकं केलेलं’ विंडोज देत असेल तर घेऊ नको. त्यातून काय काढलं ते सांगतात, आत काय घातलं ते कुणी सांगत नाही.

मी एकदा तसं टाकलं होतं. दोन आठवडे मशीन मस्त पळालं. मग प्रिंटर जोडला तर स्पूलर, म्हणजे छपाई सांभाळणारी सर्व्हिसच गायब. शोधत गेलो तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस नाही, अपडेटची सर्व्हिसही नाही. त्या रात्री फोनवरून बँकेचे पासवर्ड बदलत बसलो, हात थरथरत होते.

टाकायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घे आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, साइटवर दिलेल्याशी जुळव. मग रुफस, म्हणजे आयएसओवरून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम. स्टार्ट दाबलं की खिडकी येते, त्यात टीपीएम आणि सिक्युअर बूटची (सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीची) अट काढायची टिक असते. फक्त तपासणी टळते, विंडोज मूळचंच राहतं. दरवर्षीचं मोठं अपडेट मात्र बहुतेक हातानेच करावं लागेल. कोअर टू ड्युओसारख्या त्याहून जुन्या प्रोसेसरवर हा खटाटोप करू नको, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तिथे बूटच होत नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बरी.

आणि बॅकअप आधी, दुसऱ्या डिस्कवर. मेच्या दुपारी आपल्याकडे जुना लॅपटॉप तापून मध्येच बंद पडतो, म्हणून रात्री बस. हॅश जुळला नाही तर तिथेच थांब आणि मला फोन कर.