गणपतीला छाटलेला गुलाब आणि दुकानदाराची पुडी

गेल्या पंधरा दिवसांत वडगाव, शहापूर, खानापूर, अथणी सगळीकडनं परड्यातल्या गुलाबाचीच विचारणा. वडगावच्या एका ताईंचा प्रश्न आधी घेतो कारण निम्म्या लोकांची हीच गत आहे: "साहेब, गणपतीच्या आधी गुलाब छाटला, दसऱ्याला फुलं येतील म्हणून. आता काड्या वरून काळ्या पडत खाली येऊलाल्यात. दुकानदारानं युरिया आणि एक दाण्यांची पुडी दिलीया, घालू काय?"

नको. दोन्ही नको. पुडी तर उघडूच नका.

आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात जूनपासून पाऊस लागतो तो परतीचा धरून ऑक्टोबरपर्यंत पिच्छा सोडत नाही. अशा ओलीत काडी कापली की ती जखम वाळतच नाही, बुरशी तिथनं आत शिरते आणि काडी शेंड्याकडनं मरत खाली येते. याला डायबॅक म्हणतात आणि तो युरियानं बरा होत नाही. पानं नसलेल्या, मुळं ओलीत गुदमरलेल्या झाडाला वर युरिया म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला बिर्याणी. नवीन फूट बोटाएवढी होईपर्यंत रासायनिक खताचा दाणा नको, कुणी कितीही सांगू दे.

आता पुडीचं. बिनलेबलची, कागदात बांधून दिलेली, उग्र वासाची दाणेदार औषधं मी दहा घरांत तरी बघितलीत, एका ठिकाणी तर तुळशीच्या कट्ट्यात पण टाकली होती. 'थिमेट' म्हणून जे ओळखलं जातं ते फोरेट, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. तरी पण "जुना स्टॉक आहे, घ्या की" म्हणून खपवतात. शेजारी कडीपत्ता, पुदिना, अंगणात पोरं, कोंबड्या, आणि मधे हे विष. आणि मुळात बुरशीवर किड्याचं औषध कशाला? बिल आणि लेबल नसलेली वस्तू घरात आणू नका, बस.

मग करायचं काय? सलग दोन दिवस उघडीप बघा, कात्री स्पिरिटनं पुसा, काळा भाग जिथं संपतो त्याच्या दोन बोटं खाली कापा. आतला गाभा पांढरा-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून खाली. प्रत्येक काप झाला की लगेच बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा लेप. मी गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय आणि लोक तीनशे रुपयांचं टॉनिक घेतात पण वीस रुपयांचं मोरचूद घेत नाहीत. 10 ग्रॅम मोरचूद निम्म्या पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना निम्म्या पाण्यात, वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करा, एकूण पाणी 100 मिली. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. चुना पाण्यात पडला की उकळतो, तोंड लांब ठेवा. घासलेला खिळा त्यात बुडवून बघा, तांबूस चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी ब्रशनं लावून संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

मुख्य छाटणी खंडेनवमीनंतर, पाऊस गेल्याची खात्री झाल्यावरच, तोपर्यंत कात्री पूजेत राहू दे. गुडघ्याएवढी उंची ठेवा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर (जिथनं कोंब फुटतो तिथं) पाव इंच सोडून तिरका काप. नंतर झाडाला अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, वर पालापाचोळा. साधारण दीड महिन्यानं फुलं येतात. दसरा हुकला तर हुकला, झाड तरी राहील.

खानापूरहून काळ्या ठिपक्यांचं विचारलंय, पानं पिवळी होऊन गळतात. खाली पडलेली पानं गोळा करून जाळा, खतात टाकू नका. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटर पाण्याला 2 ग्रॅम घालून फवारा, पानाच्या खालून पण, दहा-बारा दिवसांनी परत एकदा. 2 म्हणजे 2, "जरा कडक करा" म्हणणाऱ्याचं ऐकून 5 घातलं तर कोवळी पानं करपतात. बाटलीच्या टोपणानं मोजू नका आणि एका पंपात चार औषधं मिसळू नका. संध्याकाळी पाइपनं वरून अंघोळ घालायची सवय पण बंद करा, पाणी सकाळी आणि बुडात.

अनुदानाचं: परड्यातल्या चार झाडांना काही मिळत नाही. शेतात लावणार असाल तर उतारा, आधार, पासबुक आणि एफआयडी (शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) घेऊन तालुक्याच्या बागायत खात्यात जा, ठिबकचं तिथं सांगतील.

अथणीच्या दादांचा गुलाब पुरुषभर वाढलाय, फूल एक नाही, दुकानदार म्हणतो फुलाचं टॉनिक मारा. दादा, बुडाला हात लावून बघा, ती फूट कलमाच्या गाठीच्या, म्हणजे जंगली खुंटावर गुलाब जोडलाय त्या जागेच्या, खालून आलीय का? पानात सात-सात पाती असतील तर शंका घ्याच, पण खरी खूण गाठच. तशी असेल तर तो खालचा जंगली खुंट आहे, त्याला टॉनिक पाजाल तर अजून वाढेल. माती उकरा, जिथनं निघालाय तिथनं ओढून उपटा, वरून कापलात तर एकाचे चार होतील.