दानशूर, दर्दी की आश्रयदाता?

प्रश्न असा आला आहे : एका धनिक घराण्याच्या परिचयात ‘हे कुटुंब कलेचे दानशूर आश्रयदाते होते’ असे वाक्य आहे. ते बरोबर आहे का? आणि ‘दातृत्व’ की ‘दातृत्त्व’?

वाक्य व्याकरणात बसते, पण त्यातून नेमके काही कळत नाही. घराण्याने काय केले ते आधी पाहावे, मग शब्द निवडावा.

‘आश्रय’ हा आधार आहे, म्हणून आश्रयदाता म्हटले की समोर जिवंत कलावंत हवा : त्याला काम दिले, राहायला जागा दिली, वर्षानुवर्षे सांभाळले. ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ या जोडीतही हाच अर्थ आहे. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या चित्रकाराची चित्रे लिलावात घेणारा आश्रयदाता नव्हे, तो संग्राहक. संग्राहक रसिक असेलच असे नाही. रसिक आस्वाद घेतो, तर दर्दी त्यापुढे जाऊन अस्सल-नक्कल आणि डावे-उजवे ओळखतो. ‘दर्दी’ फारसी ‘दर्द’वरून आला आणि मराठीत जाणकारीचा शब्द झाला, हे मला फार सुंदर वाटते. घरात चित्रे आहेत एवढ्यावरून कुणाला दर्दी म्हणू नये.

आता देण्याचे शब्द. ‘दान’ला पुण्याचा वास आहे आणि ‘देणगी’ म्हटले की आधी पैसा आठवतो. म्हणून वस्तूंबाबत ‘संग्रह भेट दिला’ किंवा ‘सुपूर्द केला’ हे चांगले. कायद्याच्या कागदावर मात्र ‘बक्षीसपत्र’ लिहितात. तिथे बक्षीस म्हणजे शर्यतीतले इनाम नव्हे. वस्तू ठरावीक मुदतीसाठी मांडायला दिली असेल तर ती ‘उसनी दिली’ असेच म्हणावे. मालकी घराण्याकडेच राहते, मग दान कसले?

सर्वांत जास्त चूक काळाची होते. ‘सर रतन टाटा यांनी १९२१ साली आपला कलासंग्रह संग्रहालयाला भेट दिला’ हे वाक्य घ्या. संग्रह मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला १९२१ साली, पण सर रतन (जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र) वारले १९१८ साली. त्यांचे बंधू सर दोराब १९३२ साली गेले आणि त्यांचा संग्रह तिथे आला १९३३ साली. दोन्ही ठिकाणी ‘त्यांच्या पश्चात संग्रहालयाकडे आला’ असेच लिहायला हवे. याच सर रतन यांनी पाटलीपुत्राच्या उत्खननासाठी पैसा दिला, त्याला मात्र ‘देणगी’ किंवा ‘अर्थसाहाय्य’ चपखल बसते. एकाच माणसाच्या दोन कृती, शब्द दोन.

‘दानशूर’ हे गौरवाचे विशेषण आहे. ते वापरायला हरकत नाही, पण काय दिले ते सांगून झाल्यावर.

‘दातृत्व’मध्ये एकच त. दातृ + त्व, जसे नेतृत्व, कर्तृत्व. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांत दोन येतात, कारण मूळ शब्द महत् आणि तत्, म्हणजे एक त त्यांचा आणि एक प्रत्ययाचा. सामान्यरूप ‘दात्याने, दात्यांनी’, स्त्रीलिंगी ‘दात्री’. मोठ्या संग्रहांमागे घरातल्या स्त्रियाही असतात, तेव्हा हे रूप विसरू नये. ‘देणगीदार’मधला ‘दार’ म्हणजे खरे तर बाळगणारा, तरी रूढ अर्थ देणगी देणारा हाच, जसा वर्गणीदार म्हणजे वर्गणी भरणारा.

जाता जाता ‘दानत’. ‘श्रीमंती आहे, पण द्यायची दानत नाही’ असे आपण म्हणतो आणि हा शब्द दानातून आला असे वाटते. तो आला अरबी ‘दियानत’वरून, म्हणजे सचोटी, नेकी. दान शेजारी असल्याने अर्थ देण्याकडे झुकला. वापर पक्का रुळलेला आहे, तो चूक म्हणू नये. फक्त व्युत्पत्ती सांगताना दानाशी नाते जोडू नये.