केमोने पेशी मरतात म्हणजे नेमकं काय होतं?

नाशिकरोडहून तुम्ही विचारलंय, वडिलांच्या केमोत पेशी 'जाळतात' का? नाही. बहुतेक केमो औषधं पेशीचा डीएनए बिघडवतात किंवा विभाजन अडवतात. पुढचं काम बऱ्याचदा पेशी स्वतःच उरकते.

द्राक्षाची विरळणी नाशिककरांना सांगायला नको. घड नीट भरावा म्हणून काही मणी मुद्दाम काढतात. शरीरही रोज अब्जावधी पेशी अशाच काढून टाकतं, आणि फार शिस्तीत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज नावाची एन्झाइम्स जागी होऊन आतली प्रथिनं कापतात, पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. सूजबीज काही नाही. (भाजल्यावर किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी फुटते, सूज येते, तो प्रकार वेगळा.)

कर्करोगात घोळ इथेच. डीएनए फारच बिघडला की पी५३ हे प्रथिन पेशीला मरायला लावतं. साधारण निम्म्या कर्करोगांत त्याचाच जनुक बिघडलेला असतो. काही लिम्फोमांत (लसिका पेशींच्या कर्करोगांत) मरण अडवणारं बीसीएल-२ हे प्रथिन भरमसाट बनतं. अशा पेशींवर केमोही कमी चालते. बीसीएल-२ ला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मला ते या विषयातलं सर्वांत देखणं औषध वाटतं, पण ते ठरावीक रक्ताच्या कर्करोगांपुरतंच. डॉक्टरांकडे त्याचा हट्ट धरू नका.

केस गळतात ते मुळाशी वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही फटका बसतो म्हणून. ते बहुधा परत येतात.