हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) पुन्हा ओढली जाऊ नये म्हणून स्ट्रेचिंग पुरेसं आहे का? (मुलगा 16 वर्षांचा, फुटबॉल खेळतो, वर्षात दोनदा ओढली.)

नाही. स्ट्रेचिंगने वाचत असती तर माझी तीनदा गेली नसती.

मी डिचोलीकडचा, राइट विंगला खेळायचो. भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत आंतरगाव टुर्नामेंट लागतात, त्यातली सेमीफायनल. लांब पासमागे सुटलो आणि डाव्या मांडीमागे सणकन दगड बसल्यासारखं झालं. कोच म्हणाले, "आंग कडक जालां तुजें." मी तिथेच वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवून दाखवले, दुखत असताना! टीममध्ये तेवढं वाकणारं दुसरं कोणी नव्हतं. "मग वॉर्म-अप केला नसशील." बारा दिवस तेल चोळलं, फायनलला पट्टी बांधून उतरलो आणि विसाव्या मिनिटाला खुर्चीवर. तिसरी वेळ पुढच्या मोसमात, पाय तोच.

वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो, तो टेकण्याआधी हा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच पायाला ब्रेक लावत असतो. जातो तो तिथे. म्हणजे ताकद हवी ती लांबतानाची. त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबरेत न मोडता जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं. डेन्मार्कमध्ये 942 फुटबॉलपटूंवर हे तपासलं, 2011 साली निष्कर्ष छापून आले. करणाऱ्या गटात 15 दुखापती, न करणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 52. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट, मग वाढवत न्यायचं, एकूण दहा आठवडे. पहिल्यांदा मांड्या भयंकर दुखतात, पोरं तिथेच सोडतात.

दुसरं, आठवड्यातून एकदोनदा पूर्ण वेगाने धावणं. आमच्याकडे सरावाला मैदानाला दहा फेऱ्या आणि सुसाट धावणं थेट मॅचला! फिफाच्या 11+ वॉर्म-अपमध्ये नॉर्डिकही आहे आणि धावणंही, फुकट मिळतो. मी तो कोचना मोबाइलवर दाखवला. म्हणाले, "हें युरोपाचें." फुटबॉल कुठला म्हणे?

स्ट्रेचिंग करू नये असं नाही, बरं वाटतं. शिवाय एकदा ओढलेली पुन्हा ओढली जायची शक्यता जास्तच, नॉर्डिक म्हणजे हमी नव्हे.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: सोळाव्या वर्षी कळ अगदी वर, बसताना टेकतं त्या हाडापाशी असेल तर स्नायू नव्हे, वाढत्या हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो. एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.