डॉक्टर राजकारणात गेला तर त्याच्या डॉक्टरकीचा लोकांना काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की एमबीबीएस झालेला माणूस दवाखाना सोडून आमदार, मुख्यमंत्री होतो तेव्हा त्याच्या शिक्षणाचा जनतेला खरंच फायदा होतो का, की बॅनरवर नावापुढे ‘डॉ.’ लावण्यापुरतंच ते राहतं. माझ्या मते फायदा होतो, आणि तो बिलाच्या काउंटरवर दिसतो. मी सोलापूरला एका हॉस्पिटलात आरोग्यमित्र आहे, म्हणजे सरकारी योजनेतून मोफत ऑपरेशनसाठी ज्या टेबलावर कागद घेतात तिथे बसतो, आणि हे टेबल ज्यांच्या सरकारने गावोगावच्या माणसांसाठी मांडलं त्या आंध्रच्या डॉक्टर मुख्यमंत्र्यांबद्दल, वाय. एस. राजशेखर रेड्डींबद्दल सांगतो.

कडप्पा जिल्ह्यातलं पुलिवेंदुला हे त्यांचं गाव. एमबीबीएस केलं ते आमच्या सोलापूरपासून जवळच, गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे कॉलेजात. तिथेच विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष झाले, नंतर तिरुपतीला हाउस सर्जन (म्हणजे इंटर्न) असताना तिथल्या हाउस सर्जन्सचं पुढारपण केलं, त्यामुळे राजकारण डॉक्टरकी संपल्यावर नाही, तिच्या सोबतच सुरू झालेलं. मग जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलात थोडे दिवस नोकरी आणि १९७३ मध्ये पुलिवेंदुलात वडिलांच्या नावाने ७० खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल. एक रुपया फी घेणारा डॉक्टर अशी त्यांची ओळख तिथलीच. १९७८ ला आमदार, तेही तिशीच्या आत, १९८० ला मंत्री (आरोग्य खातंही होतं), मग १९८९ पासून दहा वर्षं कडप्पाचे खासदार.

मुख्यमंत्रीपद यायला मात्र २००४ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलच्या रणरणत्या उन्हात चेवेल्लापासून इच्छापुरमपर्यंत साधारण दीड हजार किलोमीटर चालले, वाटेत आजारी पडले तरी पदयात्रा पूर्ण केली. आणि बघा, शपथ घेतल्यावर पहिली सही शेतीच्या मोफत विजेवर केली, आरोग्यावर नाही. कारण ते आधी पक्के राजकारणी होते, हे विसरून चालत नाही.

आरोग्यश्री, म्हणजे गरिबांच्या मोफत ऑपरेशनची त्यांची योजना, आली १ एप्रिल २००७ ला, सुरुवातीला महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत. त्याआधी गरीब माणूस हॉस्पिटलचं एस्टिमेट घेऊन मुख्यमंत्री निधीसाठी अर्ज करायचा, कुणाचीतरी चिठ्ठी मिळवायचा आणि वाट बघायचा. आरोग्यश्रीत पांढरं रेशनकार्ड (तिकडे ते गरिबांचं) असलं की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार आणि गरज पडली तर वर पन्नास हजार, विम्याचा प्रीमियम सरकार भरणार, ऑपरेशनचे दर आधीच ठरलेले, हॉस्पिटल खाजगी असलं तरी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मला यात डॉक्टर दिसतो तो इथे. हार्टचं ऑपरेशन करता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते अडतं डिपॉझिटपाशी, आणि घरचे तेवढ्यासाठी जमीन विकतात किंवा पेशंटला तसंच घरी नेतात, हे ज्याने वॉर्डात उभं राहून बघितलंय तोच योजना त्या जागी नेऊन ठेवतो.

आपल्याकडे ‘जीवनदायी’ १९९७ पासून होती, पण २ जुलै २०१२ ला ती आरोग्यश्रीच्या धर्तीवर नव्याने सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता तीच महात्मा फुले योजना. माझ्या टेबलावर रोज काय होतं सांगतो. अक्कलकोटकडून आलेल्या बाईंच्या आधारवर ‘महादेवी’ आणि रेशनकार्डावर ‘महादेवव्वा’, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली धरलेलं, मुलगा सारखा विचारतो “किती भरायचे ते तरी सांगा”, आणि मी नावाचा घोळ निस्तरत, रिपोर्ट अपलोड करत मंजुरीची वाट बघत असतो. मंजुरी आली की त्याला सांगतो, काही भरायचं नाही. त्याचा विश्वास बसत नाही, तो परत विचारतो.

आता दुसरी बाजूही सांगायलाच पाहिजे. आरोग्यश्रीचा पैसा मोठ्या खाजगी हॉस्पिटलांकडे वाहिला, आणि शुगर, बीपी, ताप यांसाठी गावातलं प्राथमिक केंद्र जिथे होतं तिथेच राहिलं. गरज नसताना गर्भाशय काढल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की पुढे ती ऑपरेशनं खाजगीकडून काढून सरकारी हॉस्पिटलांकडे द्यावी लागली. मला वाटतं ही पण डॉक्टरकीचीच मर्यादा, ऑपरेशन थिएटरवर नजर असली की पेशंट तिथवर येऊच नये म्हणून काय करायचं ते मागे पडतं. शिवाय त्यांच्या जलयज्ञम सिंचन प्रकल्पांवर विरोधकांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले, त्यामुळे डॉक्टर म्हणजे स्वच्छ असं गृहीत धरू नका.

२ सप्टेंबर २००९ ला नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर पडून ते गेले, दुसऱ्यांदा निवडून येऊन काही महिनेच झाले होते. नंतर राज्याचे दोन तुकडे झाले, आंध्रात मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी योजनेला माजी मुख्यमंत्री एनटीआरचं नाव दिलं, राजशेखर रेड्डींचा मुलगा जगन मुख्यमंत्री झाल्यावर त्याने परत वडिलांचं दिलं, २०२४ नंतर परत एनटीआर. बंद मात्र कुणी केली नाही, उलट २०२३ च्या डिसेंबरात तेलंगणात मर्यादा १० लाख आणि आंध्रात २५ लाख झाली.