रस्त्याकडेचा तो डबा कशाचा? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्या डांबरी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या आहेत, टोकाला कुलूपबंद पेटी. आता ट्रॅक्टरवालेही दंडात सापडणार का? (साकोली)

उत्तर: मुळीच नाही. ही वाहनगणना आहे. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते आणि पेटी एक आस (दोन चाकं जोडणारा दांडा) मोजते. दोन नळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. त्यावरून वेग आणि आसांमधलं अंतर निघतं, म्हणजे मोटार की ट्रक ते कळतं. फोटो नाही, नंबर नाही.

नळीवर चाक ठेवून गाडी उभी करू नका. दाब अडकून राहिला की मागच्या गाड्या मोजल्याच जात नाहीत. चिखलणीची लोखंडी केजव्हील लावून ट्रॅक्टर वरून नेला तर नळी कापलीच समजा. बैलबंडी मात्र इतकी सावकाश जाते की हवेचा धक्का कमी पडतो आणि ती निसटू शकते. वही घेऊन मोजणारा माणूस बसवला असेल, तर बंडी त्याच्यासमोरून जाऊ द्या. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ग्रामीण रस्त्यांच्या मापात बैलगाडी 8 मोटारींइतकी धरतात, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. रस्ता किती रुंद, किती जाड करायचा हे वाहनगणनेच्या आकड्यांवर ठरतं. नळी उखडणं म्हणजे आपल्याच गावाचं नुकसान.

प्रश्न: समृद्धी महामार्गावर इतके कॅमेरे दिसतात, चलान नेमका कोणता पाठवतो? (कारंजा लाड)

उत्तर: डब्याचा आकार पाहू नका, तो कुठं बघतो ते पाहा. लेनगणिक एक, खाली नंबरप्लेटवर रोखलेला, शेजारी दिवा असलेला कॅमेरा नंबर वाचतो. दिवा इन्फ्रारेड असतो, म्हणून रात्री मंद लाल दिसतो किंवा दिसतच नाही. भिंग नसलेली चपटी पेटी बहुधा वेग मोजणारा रडार. घुमटातला फिरणारा कॅमेरा नियंत्रण कक्षासाठी: अपघात, बंद पडलेली गाडी, रस्त्यावर आलेली जनावरं. टोलनाक्यावरची चपटी पाटी फास्टॅगची अँटेना. तिला प्लेट दिसत नाही, फक्त काचेवरचा टॅग कळतो.

कॅमेरा दिसताच करकचून ब्रेक मारणारे मागच्याचा जीव धोक्यात घालतात, आणि त्यानं सुटका होतेच असंही नाही. दोन ठिकाणांमधली वेळ मोजता येते: 40 किमी 16 मिनिटांत कापले म्हणजे सरासरी 150. तिथं मोटारींना मर्यादा 120 ची आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये आलेल्या 167-अ नुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा आणि नोटीस 15 दिवसांत निघायला हवी. चलान आलं तर फोटोतली प्लेट, जागा, वेळ ताडून पाहा. चूक असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करा. व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाखाली एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल आली तर ती ठगांची आहे. उघडू नका.

प्रश्न: टोलच्या लेनमध्ये रस्त्यात चौकोनी खाच आणि काळा लेप आहे. ते कशासाठी? (हिंगणघाट)

उत्तर: आत तारेचे काही वेढे आहेत. वरून धातू गेला की तारेतला विद्युत परिणाम बदलतो आणि गाडी आल्याचं कळतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. रस्ता तडकला की तार तुटते आणि लेन अडते.

प्रश्न: जंगलालगतच्या पांदणीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर समोरासमोर दोन हिरवट पेट्या बांधल्या आहेत. कोणाची पाळत? (मूल)

उत्तर: वाघाची. हे कॅमेरा ट्रॅप. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून जोडी लावतात. पेटीतला सेन्सर हलणाऱ्या उष्णतेवर चालतो. मे महिन्यात भोवताल अंगाइतकाच तापतो तेव्हा जनावर हुकू शकतं. उलट तापलेलं गवत हललं तरी रिकामे फोटो निघतात. माणसाचाही फोटो निघतो, पण त्याचं चलान येत नाही.

पेटीचा पट्टा सुटला असेल तर हात न लावता वनरक्षकाला सांगा. आणि पेट्यांची जोडी जिथं दिसते ती वाट वाघाची असू शकते. मोहफुलं वेचायला तिकडं पहाटे एकट्यानं जाऊ नका. वाकून वेचताना कुणीतरी एक जण उभा राहून चौफेर बघत राहील, असं बघा.